आधी ओल, मग रंग : घराच्या भिंतींची दुरुस्ती आणि आपली बचत

या धड्यात आपण काय शिकणार आहोत?

- भिंत खराब का झाली, हे पैसे खर्च करण्यापूर्वी कसे ओळखावे
- कोणते काम स्वतः करावे आणि कोणते जाणकाराकडे द्यावे
- खोलीचे मोजमाप घेऊन खर्चाचा अंदाज कसा काढावा
- या खर्चासाठी कर्ज न काढता पैसे कसे उभे करावेत

१. तीन दिवाळ्यांचा रंग

इंदूरमधील एका मराठी कुटुंबाचे उदाहरण घेऊ. हे उदाहरण समजावण्यापुरते आहे. त्यातील भावही उदाहरणासाठीच धरले आहेत. घर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढे. भाऊ कापडाच्या दुकानात नोकरीला, वहिनी घरी शिवणकाम करतात. मागच्या खोलीतील एका भिंतीचा रंग दरवर्षी फुगायचा आणि पोपडे पडायचे. दरवर्षी दिवाळीला रंगारी बोलवायचा, ₹४,५०० द्यायचे, भिंत चकचकीत करून घ्यायची. पुढच्या पावसाळ्यानंतर भिंत पुन्हा तशीच. तीन दिवाळ्यांत ₹१३,५०० खर्च झाले.

चौथ्या वर्षी मुलीचा साखरपुडा मार्चमध्ये घरीच करायचे ठरले. रंगाऱ्याने पूर्ण घराचे ₹४०,००० सांगितले. ओळखीच्या एकाने सुचवले, "कर्ज काढा, महिन्याला दोन हजारांचा तर हप्ता!" दर होता वर्षाला २४ टक्के, मुदत २४ महिने.

वहिनींनी ही गोष्ट शेजारच्या मामांना सांगितली. मामांनी चाळीस वर्षे गवंडीकाम केले होते. ते भिंतीजवळ गेले, बोटांनी टकटक केली, भिंतीचा वास घेतला आणि विचारले, "वहिनी, या भिंतीच्या पलीकडे काय आहे?"

"न्हाणीघर."

"मग तुमचा नळ गळतोय. तुम्ही तीन वर्षे पाण्याला रंग लावताय."

या एका वाक्यात धड्याचे सार आले. भिंतीचा रंग हा आजार नसतो, ती आजाराची खूण असते. खूण झाकायला दिलेले पैसे वाया जातात.

२. आधी भिंत वाचा

खर्च करण्यापूर्वी पुढील खुणा पाहा.

*खाली, जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत ओल :* पाया किंवा जमिनीतून पाणी वर चढत असावे. अशा भिंतीवर बहुधा पांढरी भुकटी दिसते. त्याला आपण लोणा म्हणतो. पाण्यात विरघळलेले क्षार पाणी वाळल्यावर भिंतीवर उरतात, तोच हा लोणा.

*छताजवळ किंवा वरच्या कोपऱ्यात डाग :* गच्ची, पन्हळ किंवा वरच्या मजल्यावरील गळती तपासा.

*मधेच एका जागी ओल, बाराही महिने :* पलीकडे न्हाणीघर, मोरी किंवा पाण्याचा नळ आहे का ते पाहा. सर्व नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा काटा पाहा. तरीही तो फिरत असेल, तर कुठेतरी गळती आहे.

*कपाटामागे किंवा बंद खोलीत काळी बुरशी :* पाणी बाहेरून येत नसेल. खोलीत हवाच खेळत नसेल. खिडकी उघडणे आणि कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढणे, हा बिनखर्चाचा उपाय आधी करून पाहा.

*टकटक केल्यावर पोकळ आवाज :* गिलावा विटेपासून सुटला आहे. त्यावर कितीही लांबी किंवा रंग लावला, तरी तो गिलाव्यासकट खाली येईल.

प्लास्टिकची चाचणी : साधारण एक फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. एक-दोन दिवसांनी काढून पाहा. भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब असतील, तर ओल भिंतीच्या आतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला असतील, तर खोलीतील दमट हवा हे कारण आहे. या चाचणीला दहा रुपयेही लागत नाहीत. ती तुमचे हजारो रुपये वाचवू शकते.

३. आपले काम कोणते, जाणकाराचे कोणते?

स्वतः करता येण्याजोगी कामे : भिंत धुणे, सुटलेला रंग खरवडणे, केसासारख्या बारीक भेगा आणि खिळ्यांची भोके बुजवणे, गिलाव्याचा लहान तुकडा भरणे, लांबी लावणे, घासणे, अस्तर आणि रंग देणे.

पुढील गोष्टी दिसल्या, तर मात्र हात थांबवा :

- तुळई, खांब किंवा स्लॅबमधून गंजलेली सळई दिसते किंवा काँक्रीटचे तुकडे पडतात
- खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरपी भेग जाते, ती रुंद आहे किंवा वाढते आहे
- ओल विजेच्या बोर्डापर्यंत पोचली आहे किंवा भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात
- मोठ्या भागातील गिलावा किंवा छताचा गिलावा सुटला आहे

भेग वाढते आहे का, हे कळण्यासाठी तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. दोन-तीन महिन्यांत भेग खुणेच्या पुढे गेली, तर रंगाऱ्याला नको, इंजिनिअरला बोलवा. या ठिकाणी काटकसर करू नका. जिथे जिवाला धोका आहे, तिथे वाचवलेला पैसा बचत ठरत नाही.

भाड्याच्या घरात राहत असाल, तर काम करण्यापूर्वी मालकाशी बोला आणि खर्च कोणी करायचा ते लिहून घ्या. सदनिकेत वरच्या घरातून गळती असेल, तर सोसायटीकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच जपून ठेवा. गळती दुसऱ्याची असताना आपण आपली भिंत रंगवत बसणे, म्हणजे पुन्हा पाण्याला रंग लावणे.

४. मोजा, मग विकत घ्या

दुकानात जाऊन "एका खोलीचा रंग द्या" असे म्हणू नका. मोजमाप घेऊन जा.

भिंतींचे क्षेत्रफळ = २ × (लांबी + रुंदी) × उंची. त्यातून दार-खिडक्या वजा करा.

वहिनींची मागची खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद, १० फूट उंच.
२ × (१२ + १०) × १० = ४४० चौरस फूट
दार ३ × ७ = २१, खिडकी ४ × ४ = १६; एकूण वजा ३७
रंगवायची जागा = ४०३ चौरस फूट

एक लिटर रंग किती जागेला पुरतो, हे डब्यावर लिहिलेले असते. तो आकडा एका हाताचा आहे की दोन हातांचा, हे नीट वाचा. इथेच बहुतेकांची चूक होते. समजा, दोन हातांसाठी लिटरला ७० चौरस फूट लिहिले आहे. तर ४०३ ÷ ७० = ५.७६, म्हणजे ६ लिटर पुरतील. दुकानदाराने १० लिटरचा डबा "स्वस्त पडतो" म्हणून दिला आणि ४ लिटर माळ्यावर सुकून गेला, तर तो स्वस्त पडला नाही.

वहिनींच्या वहीतील अंदाज असा होता :

- न्हाणीघरातील नळाची दुरुस्ती (मजुरीसह) : ₹१,८००
- गिलाव्याच्या तुकड्यासाठी सिमेंट-वाळू : ₹४००
- लांबी (पुट्टी), २० किलो : ₹६००
- अस्तर (प्राइमर), ४ लिटर : ₹७००
- रंग, ६ लिटर : ₹१,५००
- पत्रे, ब्रश, रोलर, काचकागद, मास्क, चष्मा : ₹९००
- पुढच्या खोलीच्या भिंतींना फक्त रंग आणि किरकोळ सामान : ₹१,७००
- एकूण : ₹७,६००, राखीव ₹४००, मिळून ₹८,०००

पुढच्या खोलीत ओल नव्हती. म्हणून तिथे अस्तर लागले नाही. स्वयंपाकघर नुसते धुऊन घेतले.

आपला दिवस फुकट नाही. काम स्वतः करताना आपली मजुरीही मोजावी. रोज ₹७०० कमावणाऱ्याने चार दिवस काम बुडवून भिंत रंगवली, तर ₹२,८०० गेले. तेवढ्यात कदाचित रंगारी आला असता. सुट्टीच्या दिवशी केले, तरच मजुरी खऱ्या अर्थाने वाचते. या घरात भाऊंना रविवारची सुट्टी होती, म्हणून हिशेब जमला.

५. काम कसे करावे?

पायरी १ – पाणी थांबवा. नळ, सांधा, गच्ची, पन्हळ, जिथे दोष आहे तिथे तो आधी दूर करा.

पायरी २ – खरवडा. फुगलेला रंग आणि पोकळ गिलावा पत्र्याने काढून टाका. लोणा कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतल्यास क्षार विरघळून पुन्हा भिंतीत जातात. बुरशी असेल तर खिडक्या उघड्या ठेवून पातळ केलेल्या ब्लीचने पुसा. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा संडास साफ करण्याचे द्रव कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

जुन्या घरातील तैलरंग कोरडा घासू नका. पूर्वीच्या अनेक रंगांत शिसे असे. भारतात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग अशी ठरवणारे नियम २०१६ मध्ये झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीचा रंग असेल, तर मास्क लावा, पृष्ठभाग ओला करून घासा, आणि लहान मुले व गरोदर स्त्रियांना त्या खोलीपासून दूर ठेवा.

पायरी ३ – वाळू द्या. ही पायरी सगळ्यांत स्वस्त, आणि हीच पायरी सर्वाधिक घरांत वगळली जाते. उघड्या विटांना हवा लागू द्या. प्लास्टिकची चाचणी पुन्हा करा. तुकडा कोरडा निघेपर्यंत पुढे जाऊ नका. कोकण, केरळ किंवा बंगालसारख्या पावसाळी भागांत हे काम पावसाळा संपल्यावरच हाती घ्या.

पायरी ४ – गिलावा भरा. जागा ओलसर करून एक भाग सिमेंट आणि चार ते सहा भाग वाळू या प्रमाणात मिश्रण भरा. सात दिवस त्यावर पाणी मारा आणि मग सुमारे महिनाभर सुकू द्या. ओल्या गिलाव्यावर रंग लावल्यास पोपडे नक्की. भिंत मातीची किंवा जुन्या चुन्याची असेल, तर तिला माती किंवा चुनाच लावा. सिमेंटचा कडक थर आतली ओल कोंडून धरतो. चुना वापरताना डोळ्यांना चष्मा हवाच. चुना डोळ्यांत गेल्यास इजा होते.

पायरी ५ – लांबी लावा. पिशवीवर दिलेल्या प्रमाणात पाणी घाला. दोन-तीन तासांत संपेल एवढीच कालवा. जाड एक थर देण्यापेक्षा पातळ दोन थर द्या. सुकल्यावर बारीक काचकागदाने घासा आणि धूळ पुसून घ्या.

पायरी ६ – अस्तर, मग रंग. दुरुस्त केलेल्या भिंतीला अस्तर वगळू नका. नाहीतर लांबी रंग शोषून घेते आणि डाग-डाग दिसतात. एकाच रंगाचे दोन डबे असतील, तर ते मोठ्या बादलीत एकत्र करा, म्हणजे छटेत फरक पडणार नाही. आधी कडा ब्रशने, मग मधला भाग रोलरने. नेहमी वरून खाली या. पहिला हात पूर्ण वाळल्यावरच दुसरा द्या.

काम करताना बोर्डाजवळ जाण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करा. शिडी कोणीतरी धरलेली असावी. खुर्चीवर स्टूल ठेवून चढू नका. पडल्यावर होणारा दवाखान्याचा खर्च कोणत्याही रंगाऱ्याच्या मजुरीपेक्षा जास्त असतो.

६. पैसे कुठून आणायचे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वहिनींसमोर कर्जाचा पर्याय होता. त्याचा हिशेब पाहा.

- कर्ज : ₹४०,०००, वार्षिक २४ टक्के, २४ महिने
- मासिक हप्ता : सुमारे ₹२,११५
- एकूण परतफेड : सुमारे ₹५०,७६०
- नुसते व्याज : सुमारे ₹१०,७६०

सावकाराकडून "शेकडा पाच" ने घेतले असते, तर गोष्ट आणखी बिघडली असती. शेकडा पाच हे महिन्याचे व्याज. वर्षाचे ६० टक्के होतात. ₹१०,००० वर वर्षभरात ₹६,००० व्याज भरूनही मुद्दल जसेच्या तसे राहते. म्हणून व्याजाचा दर ऐकला की आधी विचारा : महिन्याचा की वर्षाचा?

मामा म्हणाले, "वहिनी, महिन्याला दोन हजारांचा हप्ता दोन वर्षे भरायची तुमची तयारी आहे. मग तोच हप्ता आजपासून स्वतःलाच भरा की! भिंत वाळायला वेळ लागणारच आहे. भिंत वाळते तोवर पैसे साठतील."

तसेच केले. नोव्हेंबरच्या ₹२,००० मधून नळ दुरुस्त झाला आणि मामांकडून पत्रा मागून आणून भिंत खरवडली. पलीकडे न्हाणीघर असलेली ती चार इंची आडभिंत. डिसेंबर अखेरपर्यंत ती कोरडी झाली. जानेवारीत गिलावा भरला. फेब्रुवारीत लांबी, अस्तर आणि रंग झाला. प्रत्येक महिन्याला खात्यात ₹२,००० येत होते आणि कोणत्याही महिन्यात शिलकीपेक्षा जास्त खर्च झाला नाही. चार महिन्यांत ₹८,००० जमले, त्यातच दोन्ही खोल्या तयार झाल्या.

हे खरे, की कर्जाच्या ₹४०,००० मध्ये पूर्ण घर छतासकट रंगले असते, आणि तेही कष्ट न करता. पण ती ओली भिंत पुढच्या पावसाळ्यात पुन्हा फुगली असती आणि हप्ते मात्र आणखी दीड वर्ष चालले असते.

पैसे उभे करण्याचा क्रम लक्षात ठेवा :

*पहिला पर्याय – आवर्ती ठेव (आरडी).* घराची डागडुजी ही अचानक येणारी गोष्ट नाही. ती दर काही वर्षांनी येतेच. तिच्यासाठी वेगळी आवर्ती ठेव उघडा. बँकेत ती साधारणपणे सहा महिन्यांपासून दहा वर्षांपर्यंत उघडता येते. टपाल कार्यालयातील आवर्ती ठेव पाच वर्षांची असून तिची सुरुवात महिन्याला ₹१०० पासून होते. हप्ता खात्यातून आपोआप वळता करण्याची सूचना बँकेला द्या, म्हणजे विसरायला नको.

*दुसरा पर्याय – खर्चाचे टप्पे पाडा.* या वर्षी गळती आणि एक खोली, पुढच्या वर्षी दुसरी. पाणी थांबवण्याचे काम मात्र पुढे ढकलू नका. ओल जितकी मुरते तितका खर्च वाढतो.

*तिसरा पर्याय – कर्ज, तेही गरज असेल तरच.* स्लॅबची सळई उघडी पडली असेल, तर थांबून चालणार नाही. अशा वेळी बँक किंवा नोंदणीकृत वित्तसंस्थेकडूनच कर्ज घ्या. मुख्य तथ्य विवरण मागा. त्यात सर्व शुल्क धरून वार्षिक खर्चाचा दर दिलेला असतो; तो वाचल्याशिवाय सही करू नका.

*आणीबाणीच्या निधीला हात लावू नका.* आजारपण किंवा रोजगार जाणे, यांसाठी निदान तीन महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम वेगळी असावी. रंगाचा डबा ही आणीबाणी नाही. मुदत ठेवही केवळ रंगासाठी मोडू नका; मुदतीपूर्वी मोडल्यास व्याज कमी मिळते.

खरेदी करताना छापील किंमत, तयार झाल्याची तारीख आणि वजन पाहा. सिमेंट आणि लांबीची गाठी झालेली पिशवी घेऊ नका. पक्के बिल घ्या. कारागिराला सगळे पैसे आधी देऊ नका. काम पुढे जाईल तसे टप्प्याटप्प्याने द्या. मालाबाबत तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

७. वाचलेले पैसे कुठे गेले?

पुष्कळ घरांत मजुरी वाचते, पण ती महिनाअखेरीस कुठे दिसत नाही. हातात राहिलेला पैसा हातातूनच जातो. तो खात्यात गेला, तरच त्याला बचत म्हणावे.

वहिनींनी मार्चपासून तोच ₹२,००० चा हप्ता आवर्ती ठेवीत सुरू ठेवला. कर्ज घेतले असते, तर याच काळात त्यांनी चोविसावा हप्ता भरून ₹५०,७६० पूर्ण केले असते आणि हाती काही उरले नसते. आता त्या चोवीस महिन्यांतले पहिले चार भिंतींना गेले. उरलेल्या वीस महिन्यांत ठेवीत ₹४०,००० जमा होतात, आणि वर व्याज. रंगाऱ्याने सांगितलेली रक्कम तेवढीच होती. फरक एवढाच, की ती आता त्यांची स्वतःची आहे.

साखरपुड्याच्या दिवशी पाहुण्यांना बसायला सतरंजी त्याच भिंतीला लागून घातली होती. मामांनी येताच आधी भिंतीवर तळहात टेकला. "कोरडी आहे," ते म्हणाले, आणि मग पेढा घेतला.

लक्षात ठेवा

- ओलीचे कारण सापडेपर्यंत रंगावर एक रुपयाही खर्च करू नका.
- जिवाला किंवा इमारतीला धोका असेल, तिथे जाणकारालाच बोलवा.
- आधी मोजा, डबा वाचा, मग खरेदी करा.
- भिंत वाळायचा काळ हाच पैसे साठवायचा काळ.
- वाचलेली मजुरी त्याच दिवशी खात्यात भरा.

स्वाध्याय

१. आपल्या घरातील एका खोलीचे मोजमाप घ्या. दार-खिडक्या वजा करून रंगवायची जागा काढा.
२. गेल्या तीन वर्षांत एकाच भिंतीवर किती वेळा आणि किती खर्च झाला, ते लिहा. कारण कधी शोधले होते का?
३. ₹५,००० "शेकडा तीन" दराने सावकाराकडून घेतले, तर एका वर्षाचे व्याज किती? (उत्तर : ₹१,८००)
४. पुढील डागडुजीसाठी महिन्याला किती रक्कम बाजूला काढता येईल, ते घरच्यांशी बोलून ठरवा आणि पुढच्या वेळी बँकेत जाल तेव्हा आवर्ती ठेवीचा अर्ज मागून घ्या.